दहावी खिडकी

लडलो गावात मी गॅसचे मीटर वाचायचो,
एकवीस वर्षं.
तिथल्या जिन्यांखालचं जग
पाद्र्यालाही माझ्याइतकं ठाऊक नसेल.
कुणाकडे दारूच्या बाटल्या, कुणाकडे कुत्रीची पिल्लं,
एका म्हाताऱ्यानं तर मीटरला लोकरीची टोपी घातलेली,
गारठू नये म्हणून.

पण सांगायचंय ते बाहेरच्या भिंतीचं.
कॉर्व्ह स्ट्रीटच्या उतारावर मिस बेडोज यांचं घर,
वरच्या मजल्यावर, डावीकडून तिसरी
ही विटांची खिडकी.
चौकट आहे, खाली दगडी कठडा आहे,
काचेच्या जागी भिंत.
आपल्याकडे कोनाडा म्हणून
कुणी संध्याकाळी पणती ठेवली असती.

गोष्ट मला तोंडपाठ होती:
पूर्वी या देशात खिडक्यांवर कर होता.
सरकारी माणूस रस्त्यात उभा राहून
मान वर करून बोटं मोजायचा.
नवापर्यंत एक भाव, दहावीला दुसरा.
लोक म्हणाले, बरं,
आणि गवंडी बोलावला.
दीडशे वर्षं उजेडाची अशी मोजदाद.

पुण्याहून कुणी आलं की मी त्यांना तिथे उभं करी.
मेव्हणे फोटो काढत, हळहळत.
कुसुममावशी तेवढी म्हणाली,
"आणि आतून काय दिसतं रे?"

पुढच्या वाचनाला मी विचारलं.
मिस बेडोज मला वर घेऊन गेल्या, एकेका पायरीवर थांबत.
भिंतीवर पडदा होता.
जाड, काळा, पितळी कड्यांचा, खालपर्यंत सोडलेला.

युद्धात म्हणे ब्लॅकआऊट तपासायला
मिस्टर अनियन्स यायचे
(आडनाव खरंच कांदे, आपल्याकडेही आहेत).
त्यांनी रस्त्यातून मोजल्या, दहा.
पडदे भरले नऊ.
आई म्हणाली, अहो, ती भिंत आहे.
ते म्हणाले, बाई, कागदावर खिडकी आहे.
आईनं रात्रभर बसून दहावा शिवला.

"मग नंतर काढला नाहीत?"
"कुणी सांगायला आलं नाही."

मी विचारून ओढला.
कडी कुरकुरली.
मागे वॉलपेपर, गुलाबांचा,
आणि गुलाब लालभडक!
बाकी खोलीतले समोरच्या उन्हानं
चहाच्या चोथ्यासारखे झालेले.
मिस बेडोज कितीतरी वेळ बघत राहिल्या.
"असा रंग होता होय," म्हणाल्या,
आणि मग, "मीटर राहिला तुमचा."

त्या गेल्या त्या वर्षी भिंतीचे दर्जे भरायला
प्रॉबर्ट नावाचा गवंडी आला.
मी त्याला शिडीखालून करगोष्ट ऐकवली.
तो हसला नाही. विटांवर अंगठा फिरवला.
ही कधीच उघडी नव्हती, म्हणाला,
वीट विटेत गुंतलीय पहिल्या दिवसापासून.
घरही कर उठल्यावर वीस वर्षांनी बांधलेलं.
"मग का?"
"एका अंगाला पाच, दुसऱ्याला चार
बरं दिसलं नसतं."

म्हणजे कर नाही, बुजवणं नाही,
कुणाचा उजेड कुणी घेतला नाही.
मालकाला फक्त सारखं हवं होतं.
कितीजणांना मी हळहळायला लावलं होतं!
मेव्हण्यांना फोन करावा असं आठवडाभर वाटलं,
केला नाही.
हल्ली पाहुण्यांना तिन्ही गोष्टी सांगतो.
दुसरीपर्यंत त्यांचे पाय गारठतात.

नवीन जोडप्यानं घर रिकामं केलं तेव्हा
दारातल्या कचऱ्याच्या पेटीत तो काळा पडदा होता,
वर एक तुटका टोस्टर.
मी घडी करून घरी आणला.
बायको म्हणाली, आता हे कशाला?

स्वयंपाकघराच्या खिडकीला लावलाय.
सकाळी सहाला ओढतो.
त्याला सवय नाही,
मधल्या कडीशी अडकतो रोज,
मग एका हातात चहा धरून
दुसऱ्यानं जरा झटका द्यावा लागतो.